ॲप अडकलं तर पोच कोण देणार? ई-पीक पाहणीत खोळंबा यंत्रणेचा, ठपका शेतकऱ्यावर

तहसीलला कागदी अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून मिळते. त्याला पोच म्हणतात. काम आठ दिवसांत होवो नाहीतर सहा महिने लागोत, अर्ज अमुक तारखेला दिला होता एवढं त्या शिक्क्यावरून कुणालाही दाखवता येतं. मोबाइलवरच्या सरकारी ॲपमध्ये नेमकी हीच सोय नाही. माहिती अपलोड झाली तर झाल्याचा संदेश येतो. नाही झाली तर गोल चक्र फिरत राहतं, स्क्रीन पांढरी पडते, नाहीतर ॲप आपोआप बंद होऊन पुन्हा पहिल्या पानावर येतं. शेतकरी त्या दिवशी बांधावर गेला होता, तासभर खटपट करत होता, याचा कुठलाही पुरावा त्याच्या हातात राहत नाही. मुदत संपली की दफ्तरात एकच गोष्ट दिसते, या खातेदाराने पीक पाहणी केलेली नाही.

दर हंगामात ई-पीक पाहणी सुरू झाली की गावोगाव सर्व्हर डाऊनची ओरड होते. चार दिवस बातम्या येतात, मुदत वाढते, विषय मागे पडतो. पण सर्व्हर कधीतरी बंद पडणारच. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. बंद पडल्याचं नुकसान कुणी सोसायचं, हे ॲप बनवतानाच ठरवून टाकलेलं आहे, आणि ते शेतकऱ्यावर टाकलेलं आहे.

नोंद राहिली तर काय जातं

ई-पीक पाहणीची नोंद सातबाऱ्यावरच्या गाव नमुना १२ मध्ये जाते. या एका रकान्यावर आता बरंच काही अडकलेलं आहे. नुकसानीचं अनुदान, पीक विम्याची पडताळणी, बँकेचं पीककर्ज, हमीभाव केंद्रावरची नोंदणी, जिथं जावं तिथं आधी पीक पेऱ्याची नोंद विचारतात.

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५ हजार ३२८ रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८ हजार ११० रुपये ठरला. बाजारात व्यापारी हमीभावापेक्षा हजार रुपये कमी देत असेल, तर वीस क्विंटल सोयाबीनमागे सरळ वीस हजारांचा फरक पडतो. केंद्रावर माल घालायचा तर सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद पाहिजे. कापसासाठी सीसीआयने २०२५ मध्ये 'कपास किसान' नावाचं आणखी एक ॲप आणलं. त्यातही लागवडीची महसुली नोंद दाखवावी लागते. म्हणजे एका ॲपमध्ये राहून गेलेली गोष्ट दुसऱ्या ॲपमध्ये आडवी येते.

असं घडून गेलेलं आहे. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, मदत जाहीर केली. सुरुवातीला ई-पीक पाहणीची नोंद ही अट होती. शेतात कापूस होता, घरात कापूस आला होता, विकूनही झाला होता, तरी यादीत नाव नाही, अशी गावोगाव तक्रार झाली. शेवटी सरकारलाच अट शिथिल करून सातबाऱ्यावरची नोंद धरावी लागली. ॲपमध्ये नोंद नाही म्हणजे शेतात पीक नव्हतं असं होत नाही, हे सरकारने तेव्हा मान्य केलं. ॲपची रचना मात्र त्यातून बदलली नाही.

हेतू वाईट नव्हता

ॲप यायच्या आधी सगळं छान होतं असं म्हणण्यातही अर्थ नाही. तलाठ्याकडे तीन-तीन, चार-चार गावं. प्रत्येक गटात जाऊन पीक बघणं एका माणसाला शक्य नव्हतं. मग चावडीत बसून गेल्या वर्षीचा पेरा यंदा उतरवला जायचा. तूर असलेल्या शेतात ज्वारी लागायची, आणि ते दुरुस्त करायला हेलपाटे मारावे लागायचे.

१५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हा 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीक पेरा' अशी घोषणा होती. आपल्या पिकाची नोंद आपण करायची, यात शेतकऱ्याचा मान होता. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत काही चांगल्या सुधारणाही झाल्या. नोंद केल्यावर ४८ तासांत एकदा दुरुस्तीची सोय आली. शेतकऱ्याने भरलेली माहिती खरी धरायची आणि दहा टक्के नोंदीच तलाठ्याने तपासायच्या, असं ठरलं. म्हणजे मनावर घेतलं तर ॲप सुधारता येतं.

पण नोंदणीचा हक्क शेतकऱ्याकडे आला तशी जबाबदारीही त्याच्याकडेच आली. आधी तलाठ्याने चुकीचं लिहिलं तर चूक तलाठ्याची असायची, भांडायला समोर माणूस होता. आता नोंद राहिली तर चूक शेतकऱ्याची. ॲपशी भांडता येत नाही.

अडतं कुठं कुठं

ॲप उघडल्यावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडा. मग पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, खाते क्रमांक किंवा गट क्रमांकावरून स्वतःला शोधा. मग चार आकडी सांकेतांक टाका. मग हंगाम, गट, क्षेत्र, पिकाचा वर्ग, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख आणि शेवटी फोटो. कार्यालयात टेबलावर बसून हे पाच मिनिटांचं काम आहे. चिखलात उभं राहून, उन्हात स्क्रीन दिसत नसताना, ओल्या बोटाने हे करताना एक जरी पायरी अडली तरी पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं.

शब्दांचीही तीच गत. ॲप विचारतं, 'निर्भेळ पीक' की 'बहुपीक'? शेतकरी भाषेत नुसतं सोयाबीन आहे का सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक आहे, एवढं विचारलं तर आजोबाही सांगतील. 'निर्भेळ' म्हटल्यावर शिकलेलं पोरगंही थबकतं. एकट्या सोयाबीनचा पेरा लागला आणि आत सहा तासांआड असलेली तूर राहून गेली, तर मार्चमध्ये तूर विकताना ते कळतं.

मग फोन. बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन, तोही चार-पाच वर्षांचा, जागा भरलेला. ऐन हंगामात जुनं ॲप काढून नवी आवृत्ती घ्यायला सांगतात. नवी आवृत्ती उतरायला नेट पाहिजे, नेटला टॉवर पाहिजे, टॉवर गावाच्या ओढ्याअलीकडं. शेत ओढ्यापलीकडं.

माहिती शेतात भरून ठेवायची आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची, अशी सोय आहे. सोय चांगली आहे. पण भरून ठेवलेली माहिती म्हणजे झालेली पाहणी नव्हे, हे किती जणांना माहीत आहे? फोटो काढला, ॲपने घेतला, काम झालं असं समजून माणूस घरी येतो. अपलोडचं बटण दाबायचं राहून जातं. ही चूक शेतकऱ्याची म्हणायची, तर ॲपने दुसऱ्या दिवशी आठवण का करून दिली नाही? वीजबिल थकलं की चार मेसेज येतात, पाहणी अर्धवट राहिल्याचा एकही का येऊ नये?

मोबाइलचा अंदाज आणि वाटणीचा पट्टा

फोटो शेतातूनच काढला हे तपासण्यासाठी ॲप जीपीएस वापरतं. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश ॲपमध्ये घातले गेले, म्हणजे फोटो गटापासून किती दूर काढला ते कळतं. घरी बसून फोटो टाकणाऱ्यांना आळा बसावा हा उद्देश रास्त आहे.

पण आपल्याकडची वाटणी बघा. एक गट, चार भाऊ, प्रत्येकी वीस गुंठे. वीस गुंठे म्हणजे साधारण २ हजार २३ चौरस मीटर. पट्टा दोनशे मीटर लांब असेल तर रुंदी भरते फक्त दहा मीटर. साध्या मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही पाचेक मीटर इकडं-तिकडं दाखवतो. झाडाखाली, डोंगराच्या कुशीला, रेंज नसताना त्याहून जास्त. म्हणजे माणूस स्वतःच्या पट्ट्यात उभा आणि मोबाइलच्या हिशेबाने तो चुलत्याच्या वावरात. त्यात जुन्या गाव नकाशांवरून केलेली संगणकातली हद्द आणि प्रत्यक्ष बांध जुळत नसला, की ॲप सांगतं, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. ज्याचा आजा त्या बांधावर राबला, त्याला हे ऐकावं लागतं.

अशा वेळी ॲपने काय करायला पाहिजे? फोटो घ्यावा, अंतर नोंदवावं, आणि 'तपासणीसाठी' म्हणून बाजूला ठेवावा. माणसाने नंतर बघून निर्णय द्यावा. फोटोच घेतला नाही, तर तपासायला काहीच उरत नाही.

मुदतवाढ हे औषध नाही

२०२५ च्या खरिपात शेतकऱ्यांसाठी पाहणी १ ऑगस्टला सुरू झाली. मुदत १४ सप्टेंबर होती. ती आधी २० आणि मग ३० सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. मुदतवाढ मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असं समजलं जातं. शेतात मात्र पिकं सरकारी तारखेसाठी थांबत नाहीत.

मूग आणि उडीद साठ-सत्तर दिवसांचं पीक. जूनच्या मध्याला पेरलं तर ऑगस्टअखेर शेंगा तोडणीला येतात. ऑगस्टमध्ये ॲप चाललं नाही आणि मुदत सप्टेंबरअखेर गेली, तोवर रान मोकळं झालेलं असतं. फोटो कशाचा काढायचा? त्याच सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली, सोयाबीन वाहून गेलं, कुठं तर मातीसुद्धा खरवडून गेली. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याकडेच उभ्या पिकाचा फोटो नाही. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांत पीक पाहणी सहायक जातात हे खरं, पण काढणी झालेल्या रानात त्यांनाही धसकटंच दिसणार.

शेवटच्या आठवड्यात गर्दी होते म्हणून सर्व्हर बसतो, असं कारण दिलं जातं. ही गर्दी काही अचानक उगवत नाही. राज्यात खातेदार किती हे सरकारला माहीत आहे. ऑगस्टमध्ये फवारणी, खुरपणी, खताचा डोस आणि पोळा असतो हेही माहीत आहे. लग्नाला हजार माणसं येणार हे ठाऊक असताना शंभर जणांचा स्वयंपाक केला, तर दोष पंगतीला बसणाऱ्यांचा कसा?

हे एका ॲपपुरतं नाही

रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी ॲपवर घेणं १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा फोटो. दुसरा फोटो चढला नाही तर दिवसभर माती उचललेल्या मजुराची हजेरी धोक्यात. दुसरीकडे, फोटोचाच फोटो काढून आणि कामाशी संबंध नसलेले फोटो टाकून हजेरी लावली जाते, हे जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं. म्हणजे खरा मजूर रेंजमुळे अडकतो आणि खोटं करणारा वाट काढतो.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि ओटीपी मागितला. नवरा आणि वडील दोघंही हयात नसलेल्या बाईने काय भरायचं? परित्यक्ता बाईने ओटीपीसाठी कुणाच्या दारात जायचं? अर्जात त्यासाठी जागाच नव्हती. ओरड झाल्यावर सोय करावी लागली आणि १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरवर गेली. त्याच अर्जात घरात कुणी सरकारी नोकरीत 'नाही ना', अशा नकारार्थी पद्धतीने विचारलं होतं. अशा प्रश्नाला 'होय' म्हणायचं का 'नाही', यात भल्याभल्यांची गल्लत होते. एका बटणाच्या चुकीने मजुरी करणारी बाई कागदावर सरकारी नोकराच्या घरची ठरते.

अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरचं उदाहरण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०२१ मध्ये ॲप आलं ते इंग्रजीत, आणि दिलेले मोबाइल त्याला पुरत नव्हते. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी संघटनेमार्फत मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. आज ते ॲप मराठीत आहे. एकटीदुकटीने 'चालत नाही' म्हटलं असतं, तर तिला मोबाइल वापरता येत नाही असंच म्हटलं गेलं असतं. तक्रार मोजली गेली म्हणून दखल घेतली गेली. शेतकऱ्यांच्या अडकलेल्या पाहण्या मात्र कुणीच मोजत नाही, कारण ॲप त्या साठवतच नाही.

काय बदलायला हवं

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. पहिली गोष्ट, पोच. शेतकऱ्याने ॲप उघडून गट निवडला आणि पुढं काम अडलं, तर त्या प्रयत्नाला एक क्रमांक पडावा आणि तारीख-वेळेसह मेसेज यावा. रेंज नसेल तर तो क्रमांक फोनमध्ये साठावा आणि रेंज आल्यावर आपोआप जावा. बँकेचा व्यवहार फसला तरी त्याला क्रमांक असतो. पाहणी फसली तर तो का नसावा?

दुसरी गोष्ट, सर्व्हर जितके दिवस बंद तितके दिवस मुदतीत धरू नयेत, आणि बंद असलेल्या दिवसांची यादी जिल्ह्याने जाहीर करावी. म्हणजे शेवटच्या रात्री घोषणेची वाट बघावी लागणार नाही.

तिसरी, कागदाची वाट कायमची उघडी ठेवावी. ॲप अडलं तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, साधा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी अर्जाची पोच आणि ठराविक दिवसांत काम, हे तत्त्व मान्य केलेलं आहे. तेच तत्त्व इथं लावायला हरकत काय?

चौथी, नवी आवृत्ती आणण्याआधी ती रेंज नसलेल्या दहा गावांत, जुन्या फोनवर, साठीच्या शेतकऱ्याच्या हातात देऊन बघावी. 'निर्भेळ' शब्द पहिल्याच दिवशी गळून पडेल.

तोवर शेतकऱ्यांनी काय करावं

पाहणी सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच करून टाकावी. मूग-उडीदवाल्यांनी तर अजिबात थांबू नये. ॲप अडलं की तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिकाण चालू करून पिकाचे साधे फोटोही काढावेत. ॲपने घेतले नाहीत तरी ते पुढं दाखवता येतात.

अपलोड झाल्यावर ॲपमधली गावातल्या खातेदारांची यादी उघडून आपल्या नावापुढं पाहणी झाल्याचं दिसतं का ते बघावं. चूक असेल तर ४८ तासांच्या आत दुरुस्ती करावी. हंगाम संपताना सातबारा काढून गाव नमुना १२ मध्ये पीक आणि क्षेत्र बरोबर लागलंय का, आंतरपीक आलंय का, तपासावं.

दोन-तीनदा प्रयत्न करूनही होत नसेल तर वाट बघत बसू नये. गट क्रमांक, पीक, क्षेत्र, प्रयत्न केलेल्या तारखा लिहून साधा अर्ज करावा, स्क्रीनशॉटची प्रत जोडावी, तलाठी किंवा तहसील कार्यालयात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. गावातल्या दहा-वीस जणांची अडचण एकच असेल तर एकत्र अर्ज द्यावा आणि ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा. उद्या अनुदानाच्या यादीतून नाव गळालं, तर तुम्ही पाहणी केली नाही असं म्हणणाऱ्यासमोर ठेवायला तारखेचा शिक्का असलेला एक कागद तरी हातात असेल.